झारकालीन रशियन बिल्ला: हॉलमार्क कसा तपासावा

झारच्या फौजेतले बिल्ले जमवायला घेतलेत की पहिला सल्ला मिळतो, "जुना दिसतोय का बघा." तो अजिबात ऐकू नका. काळपटपणा रसायनाने एका रात्रीत आणता येतो.

आधी संग्रहाची एकच शाखा धरा: खांद्यावरच्या पट्ट्या किंवा रेजिमेंटचे बिल्ले. पट्ट्या वाचायला सोप्या: एक उभी रेघ आणि चार तारे म्हणजे श्ताब्स-कॅप्टन (कॅप्टनच्या खालचा हुद्दा), तीच रेघ ताऱ्यांविना म्हणजे कॅप्टन, ताऱ्यांविना दोन रेघा म्हणजे कर्नल. रेजिमेंटचे बिल्ले घेणार असाल तर दहा पटीचं भिंग हवंच.

खरी मेख चांदीच्या हॉलमार्कमध्ये आहे. रशियन पौंड या जुन्या वजनाचे 96 झोलोत्निक, म्हणजे 96 भाग. त्यातले 84 शुद्ध चांदीचे, म्हणून छापात 84 हा आकडा, आपल्या हिशेबात हजारात 875. सोबत कोकोश्निक हे शिरोभूषण घातलेल्या बाईचं मस्तक असतं. ते 1899 पासून डावीकडे बघतं, 1908 पासून उजवीकडे, आणि उजवीकडच्या छापात शहरासाठी ग्रीक अक्षर येतं: पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा. आता त्या रेजिमेंटचा बिल्ला कोणत्या साली मंजूर झाला ते शोधा. मंजुरी 1911 ची आणि बाई डावीकडे बघतेय? बिल्ला खाली ठेवा. विक्रेता "जुना साठा वापरला असेल" म्हणेल. त्यावर वाद घालत बसू नका.

साल जुळलं तरी थांबू नका. अस्सल छाप ठोकलेला असतो, त्यामुळे कडा धारदार आणि तळ गुळगुळीत दिसतो. ओतीव नकलेत छापही बिल्ल्यासोबतच ओतला जातो: कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल, तळाला बारीक खड्डे. हाताने ठोकलेला छाप दोन बिल्ल्यांवर तंतोतंत एकाच जागी, एकाच तिरकेपणाने येत नाही. तसे दोन दिसले, त्यात शेजारचा ओरखडाही सारखाच असला, तर दोन्ही एकाच साच्यातले. खऱ्या चमच्याचा छापाचा तुकडा कापून डाक देऊन बसवणारेही आहेत, म्हणून छापाभोवती सांध्याची रेघ शोधा. पाठीचा स्पष्ट फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊच नका.

शिपायांचे बिल्ले मात्र बहुधा पितळेचे किंवा पांढऱ्या धातूचे. तिथे हॉलमार्क नसणंच बरोबर.

परदेशी संग्राहकाशी अदलाबदलीचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा: भारतात असलेली शंभर वर्षांवरची पुरावस्तू 1972 च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही.

घरी आणल्यावर चांदी चकाकवायच्या पावडरीने घासू नका. मुलामा जातो आणि छापाची धारही.