ॲफेक्ट-इफेक्ट, पुट ऑफ-पुट आउट: जोडीने पाठ करू नका

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून गल्लीतली स्पर्धा परीक्षेची पोरं संध्याकाळी वह्या घेऊन येतात. जवळजवळ प्रत्येक वहीत एक पान सारखंच असतं. डावीकडे ‘ॲफेक्ट’, उजवीकडे ‘इफेक्ट’, मधोमध उभी रेघ. पाठांतर चोख, आणि पेपरात नेमकं डाव्याचं उजवं होतं. मी आधी ते पान फाडायला लावतो. दोन सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी, एकाच पानावर शिकले की ते डोक्यात कायमचे एकमेकांना चिकटतात.

जोडीतला जास्त ओळखीचा शब्द एकटा घ्या. ‘साइड इफेक्ट’ कोणाला माहीत नाही? म्हणजे ‘इफेक्ट’ हे नाम, ‘परिणाम’. तेवढंच आठवडाभर घोटा, स्वतःच्या वाक्यांत वापरा. ‘ॲफेक्ट’, म्हणजे परिणाम करणे, हे क्रियापद नंतर येऊ द्या. पेपरात मग एकच प्रश्न विचारायचा: इथे साइड इफेक्टवाला बसतो का? नसेल तर दुसरा. (‘इफेक्ट’ क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, ‘घडवून आणणे’ या अर्थाने. परीक्षक खट असला तर विचारतो. ते सगळ्यात शेवटी शिका.)

‘प्रिन्सिपल’चंही तसंच. कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाचं मुद्दल, दोन्हींचं स्पेलिंग एकच, शेवटी ए-एल. बँकेच्या कर्जाच्या उताऱ्यावर ते छापलेलंच असतं, रोज बघा. तत्त्व या अर्थाचा शब्द एल-ई वर संपतो, तो पुढच्या आठवड्यात.

‘स्टेशनरी’ मात्र गोष्टीसकट लक्षात ठेवावी. युरोपात पूर्वी बरेच विक्रेते फिरस्ते असत. विद्यापीठाच्या आसपास एकाच जागी ठिय्या देऊन पुस्तकं विकणारा तो ‘स्टेशनर’. म्हणजे कागद-पेनांची स्टेशनरी आणि ‘एका जागी उभा’ या अर्थाची स्टेशनरी या सख्ख्या बहिणीच. फरक एका अक्षराचा: कागदवाल्या स्टेशनरीत शेवटच्या आर-वायच्या आधी ई, ‘एन्व्हलप’मधला, उभ्या गाडीच्या स्टेशनरीत तिथे ए.

काही जोड्या डोळ्यांनी सुटत नाहीत, कानांनी सुटतात. सैल आणि हरवणे, दोन्हींना आपण सरसकट ‘लूज’ म्हणतो. खरं तर सैल म्हणजे ‘लूस’, शेवटी स्वच्छ स, आणि स्पेलिंगमध्ये ओ दोनदा. हरवणे म्हणजे ‘लूझ’, ओ एकदाच. ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला, त्यात सी. ‘ॲडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे, त्यात एस. मोठ्याने म्हणा, स्पेलिंग आपोआप जागेवर बसतं.

आणि ‘इन’ दिसला की अर्थ उलटा, असं धरून चालू नका. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ पटकन पेट घेणारं.

आता फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘अप’, ‘ऑफ’ असं शेपूट लागून अर्थ बदलणारी क्रियापदं. पोरं यांना उगाच घाबरतात. मराठीत आपण हेच दिवसभर करतो. बोलणे, बोलून टाकणे, बोलून बसणे, बोलून दाखवणे: टाकायचं काही नसतं, बसायचंही नसतं, पण अर्थ प्रत्येक वेळी बदलतो. म्हणून ‘पुट’ म्हणजे ‘ठेवणे’ हे धरून बसू नका, त्याच्या शेपटाकडे बघा. ‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाकणे’सारखा वागतो. ‘ईट अप’, खाऊन टाक. ‘यूज अप’, वापरून संपव. पण नेहमीच नाही. शेपूटसुद्धा फसवतं: दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो, अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो.

कचेरीत आम्ही ‘फाईल पुट अप करा’ म्हणायचो, म्हणजे साहेबांपुढे ठेवा. त्याला नुसतं ‘विथ’ जोडलं की झालं ‘पुट अप विथ’, सहन करणे. नोकरीत दोन्ही करावं लागतं. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणे. यांची यादी करू नका. आज ‘पुट ऑफ’चं घरातलं वाक्य लिहा, लग्न पुढे ढकललं, सभा पुढे ढकलली. ‘पुट आउट’ला आठ दिवसांनी हात लावा.

दोन खास आपल्याकडच्या खोडी. ‘कोप अप विथ’ असं काही नसतं, ‘कोप विथ’ एवढंच, म्हणजे निभावून नेणे. ‘कीप अप विथ’मधला ‘अप’ इकडे घुसलाय. दुसरी, ‘मी अमुक साली पास आउट झालो’. लष्करात ते चालतं, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होतेच. पण परदेशी मुलाखतीत कॉलेजातून ‘पास आउट’ झालो म्हणालात, तर समोरच्याला वाटेल तुम्ही तिथे चक्कर येऊन पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

चुका शोधा या प्रश्नात हमखास येणारा नियम: ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण फॅनऐवजी ‘इट’ आला की तो मध्येच बसतो, ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळणे, मात्र कधीच फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. वहीत प्रत्येक फ्रेझल व्हर्ब ‘इट’ घालूनच लिहा, म्हणजे फुटणारा कोणता ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

गाडी बंद पडली तर क्रियापद दोन शब्दांत, ‘ब्रेक डाउन’, जोर ‘डाउन’वर. नाम एका शब्दात, ‘ब्रेकडाउन’, जोर ‘ब्रेक’वर. ‘लॉग इन’, ‘बॅक अप’ यांचं तेच.

आजच्या आज सुरुवात करायची तर ‘रन आउट ऑफ’ घ्या, म्हणजे एखादी गोष्ट संपणे. क्रिकेट डोक्यातून काढा. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’, दूध संपलं. यातला ‘ऑफ’ एकाच एफचा आणि उच्चार ‘ऑव्ह’. दोन एफ लिहिलेत की लाल पेनाने गोल.