जुन्या ऑटोमॅटिकला जादा ऑइल कूलर: परतीची नळी कशी ओळखायची

गोव्याहून चोर्ला घाट चढून कणकुंबीला आलं की आमची जुनी ऑटोमॅटिक गिअर उशिरा टाकायची. गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल बघायची पट्टी) काढली की तेलाला करपट वास. रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर बसवला आणि ते थांबलं.

काम सोपं आहे, मेस्त्री अडतात ते एकाच ठिकाणी: गिअरबॉक्सचं तेल गार व्हायला रेडिएटरमध्ये जातं आणि परत येतं, त्या दोन नळ्यांतली परतीची कुठली? सकाळी गाडी एकदम गार असताना हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला चालू करा आणि दोन्ही नळ्या बोटाने चाचपत राहा. आधी कोमट लागेल ती गिअरबॉक्समधून येणारी. मागून तापते ती परतीची, कूलर हिच्यावरच. पंख्यापासून हात लांब, शर्टाच्या बाह्यासुद्धा.

१. कूलर एसी कंडेन्सरपुढे, बोटभर फट ठेवून, लोखंडी पट्टीवर बसवा. जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवून देतात ते घेऊ नका. घासून घासून भोक पडतं.
२. कूलरला जोडायचा रबरी होज ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) ऑइलसाठीचाच घ्या. पाण्याचा होज तेलाने फुगतो.
३. परतीची नळी कापून तिच्या टोकांना फुगीर कड काढून घ्या, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळा, होज निसटतो.
४. गळती बघा, तेल भरा. लेव्हल मॅन्युअलप्रमाणे: काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून.

मात्र तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलर राहू दे. रेडिएटर आतून फुटून पाणी तेलात गेलंय, आधी तो बदला.