घरझडती: यादी नीट वाचा

पोलीस झडतीला आले की वॉरंट विचारा. नसलं तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली झडती होते, पण अधिकाऱ्याने कारण आधी लेखी नोंदवलेलं लागतं. आडवं येऊ नका, गुन्हा लागेल.

सोलापूरच्या साखर पेठेतलं घर असो की लूमचा कारखाना, पंच (झडतीचे साक्षीदार) दोन हवेत, शक्यतो त्याच भागातले. १ जुलै २०२४ पासून चित्रीकरणही बंधनकारक.

खरी गडबड जप्त वस्तूंच्या यादीत होते. ‘एक मोबाइल’ नव्हे. कंपनी, रंग, आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा वेगळा ओळख क्रमांक). ‘चादरी’ नव्हे, ‘चादरी १२ नग’. कोऱ्या ओळींवर रेघ ओढायला लावा, प्रत तिथल्या तिथे घ्या.

आणि हो, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते: त्याच संहितेचं कलम १८१.