कित्तूर, बैलहोंगल, नंदगड : संपलेल्या लढाईची वाट एका दिवसात कशी पाहावी

बेळगावहून कित्तूरला जाणारे बहुतेक लोक किल्ला पाहतात, राणी चन्नम्मांच्या पुतळ्यापुढे फोटो काढतात आणि जेवायला परत येतात. कित्तूरला ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध लढाई पेटली, पण ती तिथे संपली नाही. १८२४ च्या डिसेंबरात किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या कैदेत फेब्रुवारी १८२९ मध्ये वारल्या आणि २६ जानेवारी १८३१ ला, त्यांच्या मागे लढा चालू ठेवणाऱ्या संगोळी रायण्णांना नंदगडला फाशी झाली. ही तिन्ही ठिकाणे याच क्रमाने पाहावीत. क्रम उलटला की नंदगडची समाधी म्हणजे नुसता ओटा वाटतो.

स्वतःची गाडी असेल तर फेरी साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरची होते : बेळगाव, कित्तूर, बैलहोंगल, पुन्हा कित्तूर, मग बिडीमार्गे नंदगड आणि खानापूरवरून घरी. कित्तूर-बैलहोंगल रस्ता दोनदा तुडवावा लागतो, त्याला इलाज नाही. एस.टी.ने जायचे तर दोन दिवस धरा, पहिल्या दिवशी कित्तूर-बैलहोंगल आणि दुसऱ्या दिवशी खानापूरहून नंदगड. बेळगाव-हुबळी नॉनस्टॉप गाडीत चढू नका. चढण्याआधी कंडक्टरला ‘कित्तूरल्ली निल्लुत्ता?’ (कित्तूरला थांबते का?) एवढे विचारा.

वार निवडताना सोमवार सोडा, कारण राज्य पुरातत्त्व खात्याची संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो. तो जरूर अनुभवावा, पण त्या गर्दीत वाड्याच्या भिंती निवांत पाहायला मिळत नाहीत. आमची पसंती नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो.

सकाळी सातला निघालात तर सव्वाआठ-साडेआठला कित्तूर गाठता. संग्रहालय उघडायला अवकाश असतो, म्हणून आधी पाचेक किलोमीटरवरच्या देगावला जाऊन या. तिथले कमलनारायण मंदिर बाराव्या शतकातले, गोव्याच्या कदंबांच्या काळातले आहे. राणी कमलादेवीने ते बांधवले. अर्धा तास पुरतो.

किल्ल्यात शिरल्यावर घाई करू नका, इथे दीड तास द्या. वाड्याचे छप्पर आणि लाकूड गेले, उरल्या त्या मातीच्या जाड भिंती. माती छपराखाली शतकानुशतके टिकते, पण डोक्यावर पाऊस आला की वरून विरघळत जाते. म्हणून भिंतीवर चढू नये, टेकू नये, मुलांना नावे कोरू देऊ नयेत. नुसता हात घासला तरी माती गळते, आणि गळलेली माती परत बसत नाही. दरबार, मुदपाकखाना, न्हाणीघर, विहीर अशा क्रमाने फिरा. प्रत्येक दालनात ‘पाणी कुठून येत असेल, धूर कुठून जात असेल’ हे शोधलेत तर वाडा आपोआप समजतो.

वाड्यातले ध्रुवतारा पाहण्याचे भोक सगळे दाखवतात आणि बहुतेकांना त्यातून काहीच कळत नाही, कारण दिवसा तारा नसतो. दिवसा पाहायचा तो भोकाचा कोन. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास त्या जागेच्या अक्षांशाएवढ्या उंचीवर असतो. कित्तूरचा अक्षांश सुमारे साडेपंधरा अंश. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते, म्हणजे उत्तरेच्या क्षितिजावर दीड मूठ. मोबाइलच्या होकायंत्रावर उत्तर धरा आणि मोजून पाहा.

मग संग्रहालय, पाऊण तास. वाड्याची कोरीव दारे-खिडक्या आता इथे आहेत. ती पाहून पुन्हा पाच मिनिटे वाड्यात जा, म्हणजे मोकळ्या चौकटींत ती कुठे बसत असतील याचा अंदाज येतो. वीरगळही नीट पाहा. जवळच्या गडद मरडी या टेहळणीच्या उंचवट्यावर चढलात तर सभोवारचा मुलूख एका नजरेत येतो.

मुलांना प्रसंग सांगताना एवढे पक्के ठेवा : कित्तूरच्या गादीचा वारस वारला, राणींनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतले, कंपनीने ते दत्तक नाकारले. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे चालून आला आणि अमटूर बाळप्पांच्या गोळीने पडला. कंपनी दुसऱ्यांदा मोठे सैन्य घेऊन आली तेव्हा किल्ला गेला. झाशीच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. मराठी वाचकाने आणखी एक लक्षात ठेवावे : राणींचे पती मल्लसर्ज देसाई दुसऱ्या बाजीरावाच्या कैदेत होते आणि १८१६ मध्ये तिथून परतताना वारले. ही बाजू झाकून कित्तूर सांगू नये.

दुपारी बैलहोंगल. जेवण इथल्या खानावळीत, जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगाई (भरली वांगी). राणींची समाधी गावातच आहे. ‘चन्नम्मा समाधी एल्लिदे?’ म्हटले की कोणीही वाट दाखवते. चप्पल बाहेर काढा, आवाज हळू ठेवा.

नंदगडसाठी दुपारी अडीचच्या आत निघा. वाटेत बिडी लागते. तिथली सरकारी कचेरी रायण्णांच्या माणसांनी जाळली होती. रायण्णा कित्तूरचे शेतसनदी, जमिनीच्या बदल्यात शस्त्र धरणारे. राणी कैदेत गेल्यावरही शिवलिंगप्पाला गादीवर बसवण्यासाठी त्यांनी लढा चालू ठेवला. नंदगडला वडाखाली त्यांची समाधी आहे. हा वड त्यांच्या सोबत्याने लावला असे लोक मानतात, आणि मूल व्हावे म्हणून इथे लहान लाकडी पाळणे बांधतात. ते नवसाचे आहेत, हात लावू नका, फोटो काढण्याआधी विचारा. इथे मराठीत सर्रास बोलता येते. २६ जानेवारीला मोठी गर्दी लोटते, गाडी गावाबाहेर लावून चालत जा.

पाचला निघालात तर दिवेलागणीच्या सुमारास खानापूरवरून बेळगाव. काकती, राणींचे जन्मगाव, बेळगावच्या उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर आहे. ते याच दिवशी कोंबू नका, एखाद्या संध्याकाळी सावकाश जा.