सामान उचलताना उसण भरू नये म्हणून

गावाहून परतताना गाडीत सामान चढवण्याच्या घाईत कमरेत उसण भरली, की आपण त्या घाईला दोष देतो. पण बहुतेक वेळा चूक आदल्या रात्री, पिशव्या भरतानाच झालेली असते. सोललेला नारळ साधारण अर्धा ते पाऊण किलो भरतो. म्हणजे वीस नारळांची पिशवी दहा किलोंच्या पुढे जाते, आणि तिच्यात ‘जागा उरली आहे’ म्हणून पाच किलो तांदूळ आणि आगळाच्या दोन बाटल्या कोंबल्या, की ती एका हाताने उचलण्याजोगी राहत नाही. गेल्या गणपतीनंतर अशीच एक पिशवी मी फलाटावरून झटक्यात उचलली आणि पुढचे चार दिवस बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घेतली.

म्हणून एका मोठ्या पिशवीऐवजी साधारण सारख्या वजनाच्या दोन लहान पिशव्या कराव्यात, म्हणजे दोन्ही हातांवर भार वाटला जातो आणि शरीर एका बाजूला कलत नाही. चाकांच्या बॅगेत जड वस्तू चाकांच्या बाजूला आणि पाठीवरच्या सॅकमध्ये पाठीला लागून ठेवाव्यात. बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. एवढ्याने अंदाजाचा प्रश्न मिटतो. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी 40 किलो सामान विनाशुल्क नेता येते, आणि मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील भाजणी, लोणची, पापड भरून 23 किलोंच्या दोन बॅगा काठोकाठ भरतात. परंतु या मर्यादा वाहतुकीच्या सोयीने ठरलेल्या आहेत, आपल्या कमरेचा विचार त्यांत नाही.

उचलण्याची खरी परीक्षा लहान स्थानकावर होते, कारण तिथे गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते आणि फलाट खाली असेल तर डब्याच्या पायऱ्या उंच वाटतात. अशा वेळी पिशवी हातात लटकवून पायरी चढू नये. एकाने आधी रिकाम्या हाताने डब्यात चढावे आणि दुसऱ्याने खालून एकेक नग वर द्यावा. उचलताना सामान दोन्ही पावलांच्या अगदी जवळ घ्यावे, पावलांमध्ये खांद्यांइतके अंतर ठेवावे, गुडघ्यांत आणि खुब्यांत वाकावे, आणि पोटाशी धरूनच उभे राहावे. तेच दहा किलो हात लांब करून धरले तर कमरेच्या मणक्यांवर पडणारा ताण कितीतरी पटींनी वाढतो. सर्वांत घातक असतो तो पीळ: ओझे हातात असताना पाय तसेच ठेवून कंबर वळवणे. वळायचे असेल तर पावले टाकून वळावे. एकट्याने प्रवास असेल तर हमाल घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ म्हणण्याचे ठरले, तरी आपल्या तोंडी अजून हमालच आहे. डोक्यावर चुंबळ ठेवून ते जे ओझे सहज नेतात, त्याची नक्कल मात्र करू नये; त्या मानेला वर्षानुवर्षांचा सराव असतो.

डब्यात शिरल्यावर जड बॅग वरच्या बर्थवर चढवण्याचा मोह टाळावा. बाकाखाली सारताना कमरेतून ओणवे होण्यापेक्षा एक गुडघा जमिनीला टेकवून दोन्ही हातांनी ढकलावी; साखळीही तशीच बसून लावावी. एसटीत वरच्या फळीवर हलके सामानच ठेवावे, आणि ठेवताना ते आधी बाकावर, मग छातीशी, मग वर अशा टप्प्यांनी न्यावे. फळीवरून घसरणारी बॅग झेलायला जाऊ नये, बाजूला व्हावे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. रात्रभर झोपल्यानंतर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे पहाटे उठल्या उठल्या वाकून जड उचलणे अधिक धोक्याचे असते. पहाटे पाचला उतरायचे असेल तर अर्धा तास आधी उठून डब्यात चार फेऱ्या माराव्यात. विमानतळावरही तेच: कित्येक तास बसून आल्यावर पट्ट्यावर बॅग दिसताच तिच्यावर झेप घेऊ नये. हुकली तर ती पुन्हा फिरून येतेच. ट्रॉली ओढण्यापेक्षा ढकलावी.

गर्भवतींनी, हर्नियाचा त्रास असलेल्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी ओझे उचलूच नये.

इतके करूनही उसण भरलीच, तर उरलेले सामान दुसऱ्याकडे सोपवावे. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटे दुखऱ्या जागी धरावा. दुखत असताना कोणाकडून कंबर जोरात रगडून घेऊ नये, आणि अंथरुणाला खिळूनही राहू नये. झेपेल तितके हळूहळू चालत राहिल्याने स्नायू लवकर सैल होतात. मात्र पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवला, जांघेभोवतीची संवेदना गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.