थंडी न पडलेल्या वर्षी कोकणातील घर आणि परसाची उन्हाळी तयारी

कोकणात कडाक्याची थंडी तशी कधीच पडत नाही. परंतु पौष-माघातील गार रात्री डास, गोचीड, झुरळे यांची वाढ मंदावण्यापुरत्या तरी उपयोगी पडतात. ज्या वर्षी त्या रात्रीही उबदार जातात, त्या वर्षी हा खंड पडत नाही आणि उन्हाळा सुरू होतो तेव्हा एक-दोन पिढ्या आधीच तयार असतात. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण डास होण्यास वीस अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-तीन आठवडे लागतात, तर तीस अंशांच्या जवळ हेच काम आठ-दहा दिवसांत उरकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारी महिन्यांत सर्वाधिक नोंदले गेले. म्हणजे ही अपवादाची गोष्ट आता राहिलेली नाही. त्यामुळे पाडव्यानंतर किंवा पाहुणे येण्याच्या आदल्या आठवड्यात करावयाची कामे महाशिवरात्रीलाच हाती घ्यावीत, आणि ती घेताना क्रम पाळावा: आधी पाणी, मग अडगळ आणि पातेरा (वाळका पाला), मग भिंती-लाकडांच्या फटी, आणि औषध अगदी शेवटी. फवारणीपासून सुरुवात करणाऱ्याचे पैसे बहुधा वाया जातात.

पाण्याचे काम सर्वांत मोठे आहे, कारण विहिरीचे पाणी खाली गेले की घरोघरी पिंपे, हंडे आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवल्या जातात, आणि दिवसा चावणाऱ्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिसला असेच स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. आठवड्यातून एक वार ठरवून त्या दिवशी प्रत्येक भांडे रिकामे करावे. मात्र नुसते उपडे करून थांबू नये. या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ही बारीक काळी अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतली कड खरवडून घासावी आणि भांडे उन्हात कडकडीत वाळवावे. जी टाकी रिकामी करणे शक्य नाही तिला घट्ट झाकण बसवावे आणि विहिरीत गप्पी मासे सोडावेत. ते बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. शौचालयाच्या टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, कारण रात्री चावणारे क्युलेक्स डास तेथूनच बाहेर पडतात. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या थाळ्याही पाहाव्यात. माडाखाली पडलेल्या करवंट्या आणि उंदरांनी पोखरलेली शहाळी वळवाच्या पहिल्या सरीत भरतात, म्हणून ती एप्रिलपूर्वी गोळा करावीत. सिंधुदुर्गात दोडामार्गाच्या बाजूला ज्यांची रबराची लागवड आहे त्यांनी चीक काढणे बंद असलेल्या काळात झाडांवरच्या वाट्या उपड्या कराव्यात.

परसात उतरल्यावर पहिल्यांदा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाहावा. जांभ्या दगडाला मुळातच भोके असतात आणि कोरड्या रचलेल्या गडग्यात विंचू, फुरसे, पाली, उंदीर असा सगळा गाव नांदत असतो. सबंध गडगा पाडून बांधण्याची गरज नाही. परंतु घराच्या भिंतीला टेकलेला भाग, न्हाणीघराची मागची बाजू आणि जोत्यातील उघडे सांधे चुना-वाळूने किंवा सिमेंटने बुजवावेत. जळाऊ लाकडे, कौले, जुने चिरे आणि नारळाची सोडणे यांची रास घरापासून दूर न्यावी, लाकडे जमिनीला टेकू न देता दोन चिऱ्यांवर फळ्या टाकून रचावीत आणि रास हलवताना उघड्या हाताने खालचे लाकूड ओढू नये. काम कितपत झाले हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे: अंधार पडल्यावर, पायांत बूट घालून, अतिनील प्रकाशाची विजेरी जोत्यावरून आणि गडग्यावरून फिरवावी, विंचू त्या प्रकाशात हिरवट-निळे चमकतात आणि एरवी दिसणार नाही असा फटीतला विंचूही ओळखू येतो. लहान, तांबूस रंगाचा विंचू चावल्यावर दरदरून घाम, वांती किंवा हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर मंत्र, पाला यांत वेळ घालवू नये. महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा या दंशावर उपयोग करून दाखवला तेव्हापासून वेळेत पोचलेला रुग्ण वाचण्याची शक्यता फार वाढली आहे. विशेषतः मूल असेल तर लक्षणांची वाटही न पाहता थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे.

पातेऱ्याचा विषय निराळा आहे. तो झाडून जाळण्याची सवय जुनी असली तरी वाऱ्याच्या दिवसांत आग काजूच्या बागेत शिरण्याचा धोका मोठा असतो; त्यापेक्षा घराभोवती आठ-दहा हातांचा पट्टा स्वच्छ ठेवून बाकीचा पातेरा लांबच्या खड्ड्यात कुजवावा. हा पट्टा गोचिडींसाठी महत्त्वाचा आहे. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे, म्हणजे माकडांना व माणसांना गोचिडींमुळे होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण आढळले. तो पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्ले मोहरीच्या दाण्याहून लहान असतात आणि नेमकी कोरड्या महिन्यांत, काजू वेचण्याच्या हंगामात, पातेऱ्यात व गवतात असतात. त्या भागात बागेत जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, आरोग्य विभागाकडून मिळणारे गोचिडींना दूर ठेवणारे तेल उघड्या अंगाला लावावे आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. गुडघ्यामागचा, काखेतला आणि कमरेचा भाग दुसऱ्याकडून पाहून घ्यावा. चिकटलेली गोचीड रॉकेल ओतून किंवा उदबत्तीने भाजून काढू नये, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बागेत माकड मेलेले दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. गोठ्यातील गोचिडींवर जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे, परंतु केवळ जनावरांना औषध देऊन भागत नाही. टम्म फुगलेली मादी खाली पडून भिंतीच्या भेगेत हजारोंनी अंडी घालते, म्हणून भेगा लिंपणे हे औषधाइतकेच गरजेचे काम आहे.

गोठ्याजवळचा शेणखताचा खड्डा याच फेरीत उपसावा. त्यात मुठीत मावतील अशा, अर्धगोल वळलेल्या, पांढऱ्या जाड अळ्या सापडल्या तर त्यांतील बऱ्याच गेंड्या भुंग्याच्या असतात आणि पुढे तेच भुंगे माडाचा कोंब पोखरतात. कापलेल्या पात्यासारखी त्रिकोणी खाच पडलेली झावळी ही त्यांची खूण. अळ्या वेचून माराव्यात किंवा कोंबड्यांना घालाव्यात, कुजलेले माडाचे खोड परसात ठेवू नये आणि खड्ड्यात या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळावी. लहान माडांच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरावे. उंदरांसाठी माडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळणे पुरेसे आहे.

घरात वाळवीचा शोध दिवसाउजेडी, माळ्यापासून घ्यावा: वाशांची भिंतीत शिरलेली टोके, दारांच्या चौकटींचे तळ, देवघराच्या मागची भिंत आणि जमिनीवर ठेवलेली पुस्तकांची खोकी. मातीची नळी दिसली की ती सगळी पुसून टाकू नये. मधला वीतभर भाग मोडून दोन-तीन दिवसांनी पाहावे. ती पुन्हा जोडली गेली असेल तर वाळवी जागी आहे आणि जोत्यालगत जमिनीत औषध सोडणाऱ्या माणसाला बोलवावे. साधारण एक फुटाच्या अंतराने भोके पाडून हे औषध सोडतात. येथे एक सावधगिरी ठामपणे सांगितली पाहिजे: जांभा पाणी झिरपू देतो, त्यामुळे विहीर घराच्या जोत्याजवळ असेल तर त्या बाजूस असे औषध मुळीच सोडू देऊ नये. तेथे लाकूड उघडे करून काजूच्या टरफलांचे तेल द्यावे, तेही हातमोजे घालून, कारण ते अंगाला लागल्यास फोड येतात.

स्वयंपाकघराची यादी लहान आहे. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या कपाटांच्या मागे, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात. गळका नळ दुरुस्त केला नाही तर त्यांचा उपयोग निम्मा होतो. वर्षाचे धान्य भरणाऱ्यांनी ते दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावे आणि डाळींना एरंडेलाचा हात लावावा. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणू नयेत. दमट हवेत त्यांतून निघणारा वायू झोपेतल्या माणसांचा जीव घेतो.

राहिला चाकरमान्यांच्या बंद घराचा प्रश्न. मे महिन्यात कुलूप उघडल्यावर गाद्या-चादरी आधी उन्हात झटकाव्यात, बूट आणि चपला उलटून ठोकाव्यात, आणि गर्दीमुळे खळ्यात किंवा पडवीत झोपावे लागले तर मच्छरदाणीची कड गादीखाली सर्व बाजूंनी खोचावी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि त्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही, पण उपचाराला उशीर परवडत नाही. परत निघताना टाक्या कोरड्या करून उपड्या ठेवाव्यात किंवा झाकणे बांधावीत आणि न्हाणीच्या मोरीला जाळी बसवावी. शौचकूपात पाण्यावर दोन-तीन चमचे खाद्यतेल ओतावे. तेलाच्या थरामुळे पाणी उडून जाण्यास वेळ लागतो आणि टाकीतील झुरळांना वर येण्याची वाट मोकळी होत नाही.