अजनीहून वर्ध्याला रोज अपडाऊन करायचं असेल तर

माझ्या लहान भावाला वर्ध्याला नोकरी लागली तेव्हा त्याला जे जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण नागपूरच्या मेडिकल, मानेवाडा भागातल्या कितीतरी लोकांना अजूनही वाटतं की गाडी पकडायची म्हणजे मेन स्टेशनलाच जावं लागतं. काहून जायचं तिकडे? वर्ध्याची गाडी मेन स्टेशन सोडलं की तीनेक किलोमीटरवर अजनीलाच येते. फक्त सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत, तेवढं आपल्या वेळेच्या गाडीचं आधी बघून घ्या.

मेट्रोने येणार असाल तर नावावर जाऊ नका, अजनी चौकाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, रेल्वेसाठी काँग्रेस नगर जवळ पडतं.

पहिला आठवडा साधं तिकीट काढा, खिडकीवर किंवा रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर, पण सकाळचं तिकीट काढून संध्याकाळी जाऊ म्हटलं तर चालत नाही, 3 तासांची मर्यादा असते. वेळ जमली की मासिक पास काढून टाका, खूप स्वस्त पडतो. पासवर रिझर्व्हेशनच्या डब्यात बसता येत नाही आणि सुपरफास्टचा सरचार्ज वेगळा, हे लक्षात असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेवाग्रामला लाईन फुटते, मुंबईकडच्या गाड्या वर्ध्याला जातात आणि बल्लारशाकडच्या वर्ध्याला न जाता सरळ खाली उतरतात. भाऊ तिसऱ्याच दिवशी गर्दीत दिसली ती गाडी पकडून बसला, सेवाग्राम गेलं तरी वर्ध्याची वाट बघत राहिला आणि थेट हिंगणघाटला उतरला, पुढचं तिकीट नाही म्हणून 250 रुपये दंड आणि वरून भाडं भरलं, ऑफिसचा अर्धा दिवस गेला तो वेगळाच. म्हणून चढायच्या आधी डब्यावरची पाटी वाचा, बल्लारशा, चंद्रपूर दिसलं तर सेवाग्रामलाच उतरा आणि तिथून ऑटो करा, वर्धा अगदी जवळ आहे.

परत येताना खापरी गेलं की बॅग घेऊन दाराशी या. अजनीला गाडी जास्त वेळ थांबत नाही, डोळा लागला तर मेन स्टेशनला पोचता.